सज्जतेचा रकाना

दिल्लीहून तक्ता आलाय, एकशे बारा रकान्यांचा,
एकतीस मार्चच्या आत भरायचा.
प्राचार्य म्हणाले, खोरगडे मॅडम, तुम्हीच भरा,
तुमचं अक्षर चांगलं आहे.
मग आठवून स्वतःच हसले.

मार्चमध्येच एक्केचाळीस. कूलरचा वाळा अजून बदललेला नाही.
भूशास्त्र विभाग, तळमजला, जिन्याजवळ.

जोडलेल्या वर्गखोल्या किती?
चौदा.
म्हणजे फळे चौदा आहेत, चालतात नऊ,
त्यातला एक धोटेंनी चादरीखाली ठेवलाय
कबुतरांमुळे.
चौदा लिहिते.

शिक्षक प्रशिक्षित?
हो. अंबाझरीला तीन दिवस, जेवायला वडाभात,
प्रमाणपत्र आपोआप आलं: श्रीमती खोरगाडे.
पण एक शिकले, खोटं कशाला बोलू,
सात मिनिटांनी थांबायचं, मुलांना बोलू द्यायचं.
बावीस वर्षं मी पन्नास मिनिटं न थांबता बोलत होते
आणि कुणी सांगितलं नव्हतं.

विद्यार्थी सज्ज आहेत काय?
इथे दोनच पर्याय उघडतात.
हो. नाही.

दीपमाला कुमरे मनसरहून येते,
पावणेआठला जिन्याखाली बसते.
तिथे लोखंडी जाळीत, कुलपाआड, राउटर आहे,
दोन हिरवे दिवे लावून.
आठवड्याचे सगळे तास ती उतरवून घेते,
स्वतःसाठी, आणि गावातल्या तिघींसाठी
ज्यांची नावं पटावर आहेत,
चेहरे मी पडद्यावरही पाहिले नाहीत.

एकदा म्हणाली, मॅडम, एका परदेशी साइटवर
बेसाल्टचा काप फिरवून पाहता येतो, रंग बदलतात,
आपला सूक्ष्मदर्शक काहून फिरत नाही?
खिळा गंजलाय, मी म्हटलं.
हे उत्तर नव्हतं. तिलाही ठाऊक होतं.

परवाचा तास पायरोलुसाइटचा.
पडद्यावर तो छान दिसतो,
काळा, चमकदार, बोट लावलं की गरगर फिरतो.
वजन तेवढं नसतं.
मी कपाटातला काढला, बाकांवरून फिरवला.
हाताला काळं लागतं, हीच त्याची ओळख.
दीपमालानं तळवा उघडून पाहिला.
"हे तर बाबाच्या गंजीवरचं आहे जी,
धुतल्यानं जात नाही."

तास संपला. दाराजवळच्या यंत्रावर
एकेकानं बोट टेकवलं.
ओळख पटली नाही. पुन्हा प्रयत्न करा.
ओळख पटली नाही.
अठ्ठावीस जण गैरहजर लागले
त्या एका दिवशी, ज्या दिवशी सगळे होते.
धोटे ओल्या फडक्यानं काच पुसत राहिले:
"काय शिकवता जी मॅडम तुम्ही,
मशीनले समजतच नाही."

शून्य मैलाचा दगड इथून जवळच आहे.
देशाची अंतरं तिथून मोजायचे, असं म्हणतात.
दर वर्षी मुलांना नेते, दगड कुठला ते ओळखायला.
बरीच गावं कोरलीत त्यावर, मैलांसकट.
मनसर नाही.

वीज जाऊन आली.
साठ रकाने राहिले, बाकीचे पुसले गेले.
तक्ता परत तिथेच येऊन विचारतो,
हो. नाही.
कळफलकाच्या दोन कळांवर
माझ्याच बोटांचं काळं आहे, परवापासूनचं.
धोटेंना अजून सांगितलेलं नाही.