थोरली

मे संपत आला की निवतीच्या पुळणीवर
होड्या एकेक करून वर ओढल्या जातात,
खाली ओंडके, मागून खांदे.
त्याच दिवसांत, दिवेलागण उलटली की
वेंगुर्ल्याच्या बाजूने, माडांच्या झावळ्यांतून
ती वर येते,
सुक्या मिरचीच्या रंगाची.

पंचांगात ज्येष्ठा.
आमचे आजोबा, बाबल तांडेल, विंचवाचं काळीज म्हणायचे
आणि बोटाने हवेत नांगी काढत न्यायचे
थेट पाण्यापर्यंत.
त्यांच्या आजाने मस्कतच्या गलबतावर
ऐकलेलं नाव होतं कल्ब. तेही काळीजच.
मध्ये एवढा समुद्र, आणि दोन्ही काठांना
एकच अवयव दिसला.
शेजारच्या दोन चांदण्या जमेस धरून
भटजी कुंडल म्हणत.

घरात मात्र नाव निघत नसे.
शेवंती त्याच नक्षत्रावरची,
आणि ज्येष्ठेची मुलगी मोठ्या दिराला वाईट
हे स्थळ घेऊन येणारा प्रत्येक माणूस
चहाची बशी खाली ठेवल्यावर सांगायचा.
देवबागचा आला, त्याला दोन थोरले भाऊ.
तारकर्लीचा, त्याला एक.
आचऱ्याचा एकुलता निघाला, घरात पेढे आले,
आणि मग त्याच्या आईला आठवलं
की आधी एक झाला होता,
चौथ्या महिन्यात गेलेला.
गेलेल्या दिराचंही वाईट होऊ शकतं
हे आम्हाला तेव्हा कळलं.

माझं लग्न तिच्या आधी झालं.
केसांत अबोली तिनेच माळली.
दातांत पिना धरल्या होत्या
म्हणून ती काही बोलली नाही,
असं मी धरून चालते.

यंदा आजगावकर मास्तरांनी शाळेची दुर्बीण
पुळणीवर आणली. पोरांची ही रांग.
रांगेच्या शेवटी ती, लिलावावरून आलेली,
पदराला बांगड्यांचा वास, वय बासष्ट.
मास्तर म्हणाले, महाराक्षसी तारा आहे ही.
सूर्याच्या जागी ठेवली
तर पृथ्वी तिच्या पोटात जाईल.
मंगळसुद्धा.
"मंगळ पण?" ती हसली. "बरा झाला."

मग मास्तर म्हणाले, हा उजेड तिथून निघून
साडेपाचशे वर्षं झाली असतील.
तिने डोळा काढला नाही.
"म्हणजे माझ्या जल्माच्या रातीक इलो तो उजेड
त्याच्याय आदी कदी निघालेलो?"
"हो."
"मगे त्याका काय ठाऊक,
आचऱ्याक कोणाक किती भाव ते?"

लिलावात शेवटची बोली लागल्यावर
पडते तसली शांतता.
एक पोर उगाच खोकलं.

तेवढ्यात तारा भिंगातून सरकली.
मास्तर नळी फिरवत राहिले,
डावीकडे, खाली, पुन्हा डावीकडे,
सापडेना.
"थयसर नाय," मागून शेवंती म्हणाली,
नुसत्या डोळ्यांनी बघत,
हात लांब करून.
"वायच वर. हां. ती बघा."