तीनाचे चार

गड्डीगोदामच्या पुलाखाली शफाअत मिस्त्रीनं
साखळीला लटकवलं ते इंजिन,
आणि मी म्हणाले, हृदयच की हे.
"हृदय नका म्हणू ताई.
हृदयाला कोणी कप्पीनं ओढते का?
हे तेराशेचं. तुमची गाडी आठशेची.
तीन भावांची खोली होती,
आता चौथा राहायला येऊन राहिला.
भांडण होईन. पाहू."

गाडी आईची. शहाऐंशीची, पांढरी,
म्हणजे आता सायीच्या रंगाची.
मेयोतली नाइट ड्यूटी संपवून
सकाळी सातला ती चाळिसाच्या स्पीडनं घरी यायची.
मानकापूरच्या चौकात ट्रकवाले हॉर्न मारायचे,
ती आरशात पाहून म्हणायची,
"जा बाप्पा, तुले घाई आहे."
चाळिसाच्या पुढचे आकडे
तिच्या मीटरवर कोरेच राहिले,
लग्नात आलेल्या पितळी भांड्यांसारखे
वरच्या फळीवर.

इंजिन वाडीच्या भंगारातलं,
मागून ठोकलेल्या कुणाच्या एस्टीमचं.
मालक कोण, विचारलं नाही.
डॅशबोर्डाच्या खणात शाळेच्या फीची पावती होती,
ती मात्र वाचली.
इयत्ता चौथी, ब. पैसे पूर्ण भरलेले.

माउंट नवे वेल्ड केले.
एक शाफ्ट लांब पडला, एक आखूड;
लेथवाल्यानं दोघांची समजूत घातली.
रेडिएटर मावेना, तिरपा बसवला,
तेव्हा कुठे बोनट लागलं.
पण मे महिना. सत्तेचाळीस.
इटारसी पुलापर्यंत गेलं की काटा लाल.

तोडगा काढला कूलरवाल्या धनराज निमजेनं,
ज्याला गाडीतलं काही कळत नाही.
पंख्यासमोर तळहात धरून उभा राहिला बराच वेळ.
"हवा जाऊन राहिली, पण जाळी चुकवून.
खोलीले वारा देऊन राहिला तुमचा पंखा,
खसाले नाही."
पत्र्याचा गळा वाकवून दिला त्यानं,
पंख्याच्या तोंडापासून जाळीच्या कडेपर्यंत.
दीडशे रुपये, आणि वरून दम:
पाणी पाहात जा रोज.
काटा मधोमध थांबला.
मिस्त्रीनं काच तीनदा पुसून पाहिली.

मग आईला आणलं. ब्याऐंशी पूर्ण.
माझा हात धरून तिनं गाडीभोवती एक चक्कर मारली,
चपलेनं टायर दाबून पाहिला.
मला वाटलं, विचारेल किती पळते,
किंवा कशाला केलंस हे.
"ब्रेक?"
मिस्त्रीनं माझ्याकडे पाहिलं. मी मिस्त्रीकडे.
ब्रेक आठशेचेच होते.
"नव्या पोरींले सलाइन शिकवताना," ती म्हणाली,
"मी पहिले बंद करायले शिकवत होती."
आणि रिक्षा बोलवायला सांगितलं.

दोन महिने गेले, आणि साडेनऊ हजार.
आरटीओच्या फॉर्मवर रकाना होता: इंजिन बदलण्याचे कारण.
दोन इंचांचा.
लिहिलं, जुने झिजले.
खरं लिहिलं असतं तर
तेही तिरपंच बसवावं लागलं असतं.

काटोल रोड, फेटरीच्या पुढे.
आई शेजारी, पदर आवरून,
दोन्ही हात पर्सवर, बसमध्ये बसल्यागत.
तिसरा टाकला. चौथा टाकला.
काटा चाळिसावर आला आणि जरा थांबला,
विकलेली म्हैस
जुन्या दाराशी थांबते तसा.
आईनं आरशात पाहिलं.
मागे कुणीच नव्हतं.
"जा बाप्पा," ती म्हणाली.