वास सांग

वाकोल्याच्या सिग्नलला रिक्षावाला ओरडला,
मॅडम, मागे बघा.
आरशात मागची स्कूटर दिसेना,
स्कूटरवाल्याच्या शिव्या तेवढ्या ऐकू आल्या.

अठ्ठ्याण्णवची आठशे. बाबांनी घेतली तेव्हा
सीटवरचं प्लास्टिक त्यांनी दिवाळीपर्यंत काढू दिलं नव्हतं.
आता पीयूसीवाला पोरगा मागे नळी खुपसतो,
आकड्याकडे बघतो, माझ्याकडे बघतो,
म्हणतो, आधी गॅरेजला दाखवा.

कोळीवरी गावठाणात, क्रुसाच्या मागच्या गल्लीत
सावेर परेराचं गॅरेज: एक पत्रा, एक खड्डा
आणि डोक्यावरून दर तीन मिनिटांनी विमान.
विमान आलं की सावेर बोलता बोलता वाक्य खाली ठेवतो,
पाना ठेवावा तसं.
गेलं की उचलतो.

"काला धूर म्हंजे पेट्रोल जास्त खाते.
कार्बोरेटर बघायचा, फिल्टर झटकायचा, सोप्पं.
सफेद, आणि हवेत लटकून ऱ्हायला, तर..."

विमान.

"...पाणी आत जाते. हेड उतरवायला लागंल.
निला, तर तेल."

मला सिग्नलला तो पांढरा वाटला होता.
पुलावरच्या उन्हात निळा.
इथे पत्र्याखाली राखाडी दिसत होता,
आणि पगाराला अजून अकरा दिवस होते.

सावेरने डिपस्टिक काढली, चिंधीला पुसली, पुन्हा घातली.
तेलावर साय नव्हती.
रेडिएटरचं झाकण उघडून आत बघत राहिला,
विहिरीत पडलेली कळशी शोधावी तसा.
बुडबुडा नाही.
मग म्हणाला, "हिकडं ये. खाली बस. वास सांग."

मी?

"माना नाय येत. कोविडात गेला, परत नाय आला."

बाबा सांगायचे,
गल्लीच्या तोंडाशी गाडी वळली की हा बसल्या जागेवरून सांगतो
कुणाचं गॅस्केट गेलंय.

ओढणी खोचून मी सायलेन्सरपाशी उकिडवी बसले.
"गोड येते काय? पाक करपल्यावानी?"
नाही.
"मंग कसा?"
जळका, म्हटलं.
"जलकाच असनार गो. काय जलल्याचा?"

डोळे मिटले. खोकले. पुन्हा ओढून घेतला.
समई शांत केल्यावर
वात मागे धुमसत राहते ना थोडा वेळ,
तसा.

सावेरच्या घरात समई कधी लागली नसेल.
पण तो हसला, पहिल्यांदाच.
"तेल," म्हणाला.
खात्रीला वहीचा कागद धुरापुढे धरला,
बारीक तेलकट ठिपके मला दाखवले,
परीक्षेचा पेपर दाखवावा तसे.

"आज हितंच ठेव. सकाली थंड इंजिन चालू करू.
पयल्या झटक्याला भपकारा येऊन बंद झाला तर वॉल्व्हचे सील,
दोन दिवसांचं काम. पन रेस दिल्यावर येतच ऱ्हायला,
तर रिंगा. आनि रिंगा म्हंजे..."

विमान.
ह्या वेळी ते गेल्यावर
मी पुढचं विचारलं नाही.

अंगणात ब्रिजीत बाटली मसाल्याच्या मिरच्या भाजत होती,
मोठी काळी कढई, एप्रिलचं ऊन.
"बघ रं, झाल्या काय?" तिने हाक मारली,
तीस वर्षांच्या सवयीने,
आणि झारा तसाच हातात धरून थांबली.

तो गेला. कढईवर वाकला.
छातीभर श्वास घेतला.
डोळ्यांतून पाणी आलं; डोळ्यांना मिरची अजून कळते.
मग वळून माझ्याकडे बघितलं.

मी काही सांगायच्या आत शिंकले.
एकदा. दोनदा.
तिसरी येईपर्यंत तो थांबला.
"उतरव," म्हणाला.