पावली

बडोद्याला मंगळबाजारात, बांगड्यांच्या दुकानामागे,
जिथे ऊन दुपारी बारानंतरच पोचतं,
बाबा काटे दुरुस्त करतात. अजून.
महिन्याला दोन आले तरी खूप:
एखाद्या सोनाराचा हट्टी काटा,
नाहीतर वैद्यांचा, पेटीसकट.

विचारलं, सहा वर्षं युनिव्हर्सिटीत नक्की काय करतेस?
लग्नाच्या पंगतीत विचारतात तसं नाही.
भिंग डोळ्याला, चिमटा हातात,
वर न बघता.

म्हटलं, एक पृष्ठ आहे.
त्यावर कुठेही उभं राहावं,
तिथून निघणारी प्रत्येक वाट उलटी फिरवावी,
पृष्ठाला पत्ताही लागत नाही.

"म्हणजे खरा काटा," बाबा म्हणाले,
"पारडी अदलाबदल केली तरी सुई मधेच."
एवढंच समजवायला मजमुदारबेननी
फळा दोनदा पुसला होता.

तिथे कुंपण घातलं
तर कुंपणच आतल्या जमिनीला भारी पडतं.
आणि असं पृष्ठ वाजवलं
(वाजतं, बाबा, प्रत्येक आकार वाजतो)
तर त्याचा सगळ्यात खालचा सूर शून्य नसतो.
पाव असतो.

"एक पाव पाव, दोन पाव अर्धा,"
त्यांची पावकी आपोआप सुरू झाली,
तीन पाव पाऊणपाशी थांबली. "मग?"

मग जे पंगतीत सांगत नाही ते सांगितलं.
तेच पृष्ठ पूर्णांकांच्या घड्या घालून मिटलं
की नवे सूर उगवतात, सुटे सुटे.
एक मुका शून्य सोडला
तर पावाच्या खाली एकही उतरत नाही
असं सगळ्यांना वाटतं.
सिद्ध कुणी केलेलं नाही.

रुपयात मोजा. हवेत चार आणे.
तुम्ही शाळेत होतात तेव्हा तीन पक्के झाले.
मग कुणी पै, कुणी अर्धी पै सरकवत
पावणेचारच्या जरा वर. तिथे अडकलंय.
त्या फटीत माझी सहा वर्षं.

वाटलं, हसतील.
एका पैशाहून कमी, तोही जुना, आण्याला चार!
बाहेर एक स्कूटरवाला सुट्ट्यांवरून
लारीवाल्याशी गुजरातीत भांडत होता.

बाबांनी भिंग काढलं.
"शेराची खोट आंधळ्यालाही कळते.
एवढीशी असली की सगळा काटा सुटा करावा लागतो,
धार उजेडात धरावी लागते.
आणि खोट नसेलच तर?"

नाहीच, हेच तर दाखवायचंय.

"ते कठीण," म्हणाले. "खोट दाखवता येते.
नसणं कसं दाखवणार?
आम्ही आपली मुद्रा मारून आणतो,
तीही ठरल्या मुदतीपुरती."

पुन्हा भिंग लावलं.
स्टूल थोडं सरकवलं, माझ्या वहीवर उजेड यावा म्हणून,
की त्यांच्या चिमट्यावर, सांगता येत नाही.

पितळी वजनांच्या पेटीत शेवटचा खळगा,
सगळ्यात धाकट्या वजनाचा, रिकामा.
कधी हरवलं कोण जाणे.
तिथे एक गुंज ठेवली होती,
तांबडी, काळ्या डोळ्याची.

ती कितीची, मी विचारलं नाही.