देणंघेणं

सीमेपलीकडे, चाडच्या बाजूला, हजेरच्या छावणीत
दुपारी पत्रा तापतो
आणि ग्रीटचं पेन शाई ओकतं.
ती बेल्जियमची. तिला अरबी येत नाही,
कल्तूमाला फ्रेंच येत नाही.
मला दोन्ही येतात, शिवाय घरची मसालीत,
म्हणून मला दिवसाचे पैसे मिळतात.

तारीख विचार, ग्रीट म्हणते.
मी विचारतो.
कल्तूमा म्हणते, बाजरी फुलोऱ्यात होती.
निदान महिना.
गाढवी गाभण होती आमची, कल्तूमा म्हणते,
तिला पळता येईना,
तिला मागेच सोडलं.
मग थांबते.
सासऱ्यांनाही.
रकाना अरुंद आहे. ग्रीट लिहिते: ऑगस्ट, अंदाजे.

किती जण होते?
मोजायला थांबले नाही.
गणवेश होता अंगावर?
एकाच्या पायात माझ्या भावाचे बूट होते.

हे वाक्य मी लगेच पलीकडे नेलं नाही.
पाणी प्यायलो. मग नेलं.
ग्रीटने विचारलं, बुटांचा रंग?
कल्तूमाला आठवेना.
ग्रीटचं कामच तसं, वाईट बाई नाही ती;
रात्री तंबूमागे उलट्या काढताना पाहिलंय मी तिला
आणि सकाळी पुन्हा तेच रकाने, तेच सुबक अक्षर.

सात महिन्यांनी तळ्याकाठच्या त्या दूरच्या शहरातून
अहवाल आला.
परिच्छेद एकशे बारा, तळटीप नव्वद:
साक्षीदार क्रमांक एक्केचाळीस हिच्या म्हणण्यानुसार.
इथे मोबाइलला रेंज फक्त पाण्याच्या टाकीवर.
वर चढून, उन्हात डोळे बारीक करून
मी निवेदनं रेशनकार्डाच्या पाठीवर उतरवली
आणि खाली येऊन तिला वाचून दाखवली:

सभागृहाने गंभीर दखल घेतली आहे.
शेजारी राष्ट्रांनी परिस्थितीचा आढावा घेतला.
एका बड्या देशाने आक्षेप घेतला,
गोळ्यांवर नव्हे, शब्दावर,
'कत्तल' काढा म्हणे, 'घटना' घाला.
दुसऱ्याने सावध पवित्रा घेतला. तो देशच बंदुका विकतो,
पण हे निवेदनात नव्हतं, मी मधेच घुसडलं.
ठरावाला मुदत वाढवून घेतली.
मग सगळ्यांनी मिनिटभर उभं राहून
जेवणाची सुट्टी घेतली.

कल्तूमा ज्वारीतले खडे वेचत होती.
मान वर न करता म्हणाली,
एवढं सगळं घेतलं.
पोराला कडेवर कुणी घेतलं?

पोरगा म्हणजे इद्दू, भावाचा, चार वर्षांचा.
तिच्या पाठीवर एक होतं, पोटात एक,
आणि नदीत पाणी नव्हतं, नुसती वाळू,
तरी तो गुडघ्यांपर्यंत बुडत राहिला.
तो तळटीपेत नाही.
मीच सांगितला नव्हता कदाचित.
कदाचित तेव्हाच पाणी पीत होतो.

मला उत्तर सुचलं नाही, कुठल्याच भाषेत.
तीन भाषांत गप्प बसायचेही
पैसे मिळायला हवेत.

परवा नवी मंडळी आली, नवे कागद, नवी गाडी.
रांगेत सर्वांत पुढे कल्तूमा,
हात धुतलेले, ओढणी नीट.
मी चिडलो. म्हटलं, कशाला पुन्हा?
त्यांना आपलं काही देणंघेणं नाही.

त्यांचं नसेल, ती म्हणाली,
माझं एक देणं राहिलंय.
त्या बाईने रंग विचारला होता ना बुटांचा.
काल रात्री आठवला.
तपकिरी. पण डाव्या बुटाची नाडी लाल होती,
मूळची तुटली म्हणून मीच ओवली होती,
माझ्या परकराची.

चल हारून, आत चल.
आणि आज पाणी नंतर पी.