दुसरं चुंबक

वडगावच्या आमच्या गल्लीत
आकडे कन्नडात मोजतात, शिव्या मराठीत देतात,
आणि माग दोन्ही गिळून
खटाक् खटाक् एवढंच बोलतो.

रेणूनं पॉलिटेक्निकमधून आणलं
बटणाएवढं चुंबक, चार रंगीत वायरी,
जुन्या मोबाईलची बॅटरी.
मागाच्या दांड्याला बांधत होती
तेव्हा बापानं विचारलं, "हे काय करूलालीस गे?"
"फेर मोजतो, बाबा. प्रोजेक्ट हाय."

एका साडीत किती धागे आडवे पडतात
हे शेठच्या वहीला माहीत, आम्हाला नाही.
वही त्याची, पेन्सिल त्याची,
डाग दाखवणारं बोटही त्याचंच.

शनिवारी हे पहिल्यांदाच
खिशात कागद घालून हिशेबाला गेले.
कागदावर आठवड्याचे फेर,
लाईट गेलेले तास वेगळे,
सूत तुटून माग थांबला ती मिनिटं वेगळी.
शेठनं कागद उलटा धरून बराच वेळ बघितला,
म्हणाला, "मशीन चुकतंय."
पण डागाचे साठ रुपये
त्या दिवशी कापले नाहीत.

येताना ह्यांनी पावशेर कुंदा आणला.

मी तेव्हाही कांड्याच भरत होते.
सासूनं हा हातरहाट पुढ्यात सरकवला
तेव्हा अंगावरची हळद उतरली नव्हती.
कांड्यांना दर नाही.
कुणी लावला नाही, मीही विचारला नाही,
चहा ठेवल्याचा दर कुणी विचारतं का?

रेणूनं मला न सांगता
दुसरं चुंबक रहाटाला चिकटवलं.
सकाळी बघते तर डबीवर
नऊ हजार चारशे बारा.
"हे कुणाचे?"
"तुझे. कालचे."

मी पदरानं आकडा पुसून बघितला.
गेला नाही.

तिच्या वहीत आता एक नवा रकाना आहे.
वर 'आई' नाही,
वैजयंता मारुती ढगे.
रेशनकार्डानंतर एवढं सबंध नाव
मी कुठे वाचलं नव्हतं.
खाली फेरे, तास,
आणि दराच्या घरात
पेन टेकून राहिल्याचा एक निळा ठिपका.
सर म्हणाले म्हणे,
हा भाग विषयात बसत नाही.
तिनं पान फाडलेलं नाही अजून.

काल रात्री लाईट गेली.
गल्लीतले माग एका दमात गप्प.
ह्यांच्या डबीवरचा आकडा होता तिथं थांबला.
हे उठून अंगणात जाऊन बसले, गार वाऱ्याला.
सकाळसाठी सात कांड्या कमी होत्या.
अंधारात माझ्या गुडघ्याशेजारी
तांबडा दिवा तेवढा
मिचकत राहिला,
एकेका फेऱ्याला एकदा.