चाव्या

हळदोण्यात माझ्याकडे चौदा बंद घरांच्या चाव्या आहेत.
खिळ्याला टांगत नाही. पिठाच्या डब्यामागे ठेवते,
प्रत्येकीला वेगळ्या रंगाची नाडी:
निळी कास्मिरोंची, ते स्विंडनला,
पिवळी एर्मेलिंडाबायची, ती लिस्बनला,
एक बिननाडीची, तिचा मालक कुठे असतो
हे आता त्याच्या भावालाही ठाऊक नाही.

महिन्यातून दोनदा खिडक्या उघडायच्या,
वाळवी बघायची, विजेचं बिल भरायचं,
फोटो पाठवायचे. त्यासाठी हा लॅपटॉप,
साईशने कॉलेज सुटल्यावर टाकून दिलेला.

वाळवीचं औषध शोधायला जावं
तर पानभर जाहिराती गरगरतात, जत्रेतल्या पाळण्यासारख्या.
वर एर्मेलिंडाबाय रागावली की
पोर्तुगीजमधूनच लिहिते.
साईश म्हणाला, मामी, एक्स्टेन्शन घाल.
घाल म्हणे,
जशी काही हुमणात सोलं.

एका दुपारी त्याने चार घातली.
मी चष्मा पुसून ती बारीक अक्षरं वाचायला बसले.
कुपनं शोधून देणाऱ्याला हवं होतं
तुम्ही जाल तिथलं सगळं वाचणं आणि बदलणं.
वाचणं. आणि बदलणं.
मी म्हटलं, नळ दुरुस्त करायला आलेला
कपाटाची चावी मागतो का रे?
सगळेच मागतात, मामी.
मागतात. देतं कोण?

खरं सांगायचं तर जाहिराती अडवणाराही तेच मागत होता.
त्याला मागावंच लागतं,
प्रत्येक दारात उभं राहायचं तर.
मग त्याची चौकशी केली, सोयरिकीआधी करतात तशी:
कुणाचा, किती वर्षांचा, आणि फुकट राबतो
तर पोट कशावर भरतो?
याने आपलं सगळं विणकाम उघड्यावर मांडलं होतं,
जाणत्यांनी उसवून बघितलं होतं.
कुपनवाल्याकडे नुसती स्तुती,
स्तुती करणारे सगळे एकाच आठवड्यात जन्मलेले.
तो गेला.

तिसरं डोळ्यांसाठी पान काळं करायचं. चांगलं होतं.
वर्षभर निमूट.
मग एका सकाळी म्हणालं, आणखी परवानगी हवी.
नाव तेच, चित्रातली चंद्रकोर तीच.
मला वरच्या वाड्यावरचं पेगादोंचं घर आठवलं:
फाटकावर अजून त्यांचंच नाव आहे,
आत दिल्लीची पार्टी, आणि कुत्रं
मला ओळखत नाही.
काढून टाकलं. डोळे चुरचुरतात, चुरचुरू देत.

ओसरी मिळालेला हातपाय कुठवर पसरतो
हे मी पुस्तकात नाही वाचलं.
एका चवथीच्या आदल्या दिवशी
पिवळ्या नाडीच्या घरात
मला फक्त खिडक्या उघडायच्या होत्या.
मी कपाट उघडलं.
आत बाप्तिस्म्याचा एवढासा झगा, इस्त्री केलेला,
टाचणीने लावलेली तारीख.
एर्मेलिंडाबायला मूल नाही.
काही घेतलं नाही. काही बदललं नाही.
पण वाचलं.

तेव्हापासून मला कुणी विश्वासू म्हटलं
की मी विषय पदेराच्या पावांवर नेते.

आता कोपऱ्यात दोनच चित्रं उरलीत.
एक अडवणारा. दुसरा भाषांतर करणारा,
तो बोट लावल्याशिवाय जागा होत नाही,
दाखवू तेवढ्याच ओळी बघतो.
परवा एर्मेलिंडाबायची मेल आली. पोर्तुगीजमध्ये.
मी म्हटलं, आलं. कळलं तिला.
दोन दिवस उघडलीच नाही.
मग एकेक ओळ त्याला दाखवली:

खिडक्यांसाठी आभार.
निजायच्या खोलीतल्या कपाटाला वाळवी लागली असेल,
तुझ्याशिवाय कुणाला सांगू.
उघडून बघ.

म्हणजे रागावलेली नव्हती.

पिवळी नाडी घेऊन गेले.
घरात कुणी नव्हतं, तरी
पहिल्यांदाच उघडतेय असं तोंड करून
मी त्या दारापुढे
बराच वेळ उभी राहिले.